दुसऱ्यांदाही, तिसऱ्यांदाही

गेटवरच्या यंत्रासमोर रुख्मिणीबाईनं नेहमीसारखा पदर मागं सारून चेहरा दिला आणि दिवा लाल झाला. तिनं कपाळ पुसलं, पुन्हा उभी राहिली, पुन्हा लाल. तिच्या मागं रांगेत मी होते. आमच्या हळदीच्या कारखान्यात हे यंत्र बसून वर्ष होत आलं. ते चेहरा ओळखतं, हिरवा दिवा लावतं, आडवा दांडा वर होतो आणि माणूस आत जातं. हळदीनं माखलेले चेहरे सुरुवातीला त्याला कळायचे नाहीत, त्यामुळं संध्याकाळी घरी जाताना पुष्कळांचा दिवा लाल व्हायचा आणि सगळ्या बाया हसायच्या. सकाळी मात्र चेहरे धुतलेले असतात. वॉचमन हरिचंद उठून आला, यंत्रावरची ओळ त्यानं वाचली, रुख्मिणीबाईकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि परत खुर्चीवर जाऊन बसला. मी वाकून वाचलं. सेवा समाप्त. त्याखाली तिचं नाव, आणि त्याच्याही खाली, मंजुरी देणाऱ्याच्या जागी, माझं. करुणा, मनुष्यबळ विभाग.

रुख्मिणीबाईच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. सिद्धेश्वर धरणाच्या पलीकडच्या तांड्यावर तिची सून बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, आणि रुख्मिणीबाई रात्रीच हिंगोलीला परतली होती. मोबाइलवर काहीतरी आलंय, एवढं तिला ठाऊक होतं. स्टँडवर एका मास्तरांकडून तिनं ते वाचून घेतलं होतं. मास्तर म्हणाले, बाई, तुम्हाला कामावरून काढलंय, आणि खाली करुणा असं नाव आहे. हे सगळं तिनं मला रांगेतच सांगितलं, आवाज जराही न उतरवता, कारण तिचा त्यावर विश्वासच बसला नव्हता. "म्या म्हणलं, आमच्या ताई तोंडानं बी कुणाला बोलत न्हाईत, लिव्हतील काहून? दुसरी कोणती करुणा असंल." मागच्या बाया हसल्या. एक म्हणाली, मशीनला भूक लागली असंल, पेढा चारा त्याला. रुख्मिणीबाईनं माझ्याकडं पाहिलं आणि मी मान हलवली. ही मान कशाला हलवली ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तिनं तिचा अर्थ लावला, की ताई आहेत म्हणजे काही काळजी नाही, आणि गेटजवळच्या लिंबाखाली, दगडावर, पुडा मांडीवर घेऊन ती निवांत बसली. माझा चेहरा यंत्रानं लगेच ओळखला. हिरवा दिवा लागला, दांडा वर झाला, आणि मला आत जावं लागलं.

गेटपासून ऑफिसपर्यंत मोकळं आवार आहे. तिथं उकडलेली हळद पसरलेली असते आणि तिचा कच्चा, मातकट वास सकाळीसकाळीच घशाशी येतो. इतक्या वर्षांत तो मला जाणवेनासा झाला होता. त्या दिवशी जाणवला. पाय चालत होते आणि एकच गोष्ट आठवत होती. मान मी आधीही एकदा हलवली होती. पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात रुख्मिणीबाई माझ्या दारात येऊन उभी राहिली होती. आत येत नाही ती, चपला काढाव्या लागतात म्हणून. दारातूनच म्हणाली, ताई, सुनंचे दिवस भरत आले, मी जाऊन राहिले. मी फोनवर होते. मी मान हलवली आणि ती गेली. आमच्या कारखान्यात हळकुंडं निवडायच्या वेचणी पट्ट्यावरच्या बायांची रजा अशीच चालत आलेली आहे. कुणाच्या घरी मयत, कुणाच्या पोराला ताप, कुणाचं माहेरपण. बाई दारात येते, माझा चेहरा बघते, मी मान हलवते. मग मी मस्टरवर खूण करते. गेल्या वर्षीपासून मस्टर गेलं. आता रजेचा अर्ज ज्याचा त्यानं आपल्या मोबाइलवरून करायचा. रुख्मिणीबाईचा मोबाइल बटणांचा. तिच्या वतीनं मी करणार होते. फोन संपला, दुसरा आला, मग कुणी चहा आणला, आणि हलवलेली मान हवेतच राहिली.

खुर्चीत बसून मी संगणक उघडला. आमच्याकडं दोन सॉफ्टवेअर आहेत. एकात माणसं असतात: नावं, हजेरी, रजा, कोण कायम आणि कोण ठेकेदाराकडचं. दुसरं नुसतं निरोप्या आहे; पहिल्यात काही घडलं की ते बघून ठरलेलं काम पुढं करतं. मेसेज पाठव, गेट बंद कर, वरच्या ऑफिसला कळव. या दोघांची जोडणी मिनानं केली. मिना पुण्याच्या एका कंपनीत आहे पण काम हिंगोलीत घरी बसून करते, आणि बोलताना हातातलं काम थांबवत नाही. ती जोडणी करत होती तेव्हा चार दिवस माझ्याशेजारी बसलेली. एकदा म्हणाली, "ताई, हे तुमचं पहिलं सॉफ्टवेअर तुमच्यासारखं हाय. सगळं ठाऊक, बोलत न्हाई. अन् हे दुसरं माझ्यासारखं. ठाऊक काही नसतं, बोलून राहतं." आम्ही दोघी खूप हसलो होतो. आता मी तिच्या त्या निरोप्याची नोंद उघडून पाहत होते. सलग गैरहजेरी आढळली. करुणा यांना विचारणा केली. उत्तर नाही. होकार धरला. पत्र पाठवलं. प्रवेश बंद केला. प्रत्येक ओळ इतकी साधी, की तिच्यावर रागावता येईना.

होकार धरला. हे दोन शब्द मीच दिलेले होते. जोडणीच्या शेवटच्या दिवशी मिनानं विचारलं होतं, ताई, हे दर वेळी तुम्हाला विचारणार, करू का नको. तुम्ही उत्तरच दिलं नाही तर काय समजायचं त्यानं? आणि मी जराही न अडखळता म्हणाले होते, गप राहिले तर हो समज. वर तिला कौतुकानं गोष्टही सांगितली. मी लहान असताना आमच्या गावी, डोंगरकड्याला, वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांसाठी, एक भंतेजी राहिले होते. आमच्या आईला त्यांना भोजनदान द्यायचं होतं. ती हात जोडून म्हणाली, भंतेजी, उद्याचं भोजन आमच्या घरी स्वीकारावं. भंतेजी काहीच बोलले नाहीत. खाली बघत शांत बसून राहिले. आईचा चेहरा पडला, आमच्या घरात काय कमी पडलं असं तिला वाटलं. तेव्हा माझे वडील, सोनाजी, तिच्या कानाशी वाकून म्हणाले, येडे, मौन हाय म्हणजे येनार. आणि दुसऱ्या दिवशी भंतेजी आले. ते सगळं मला फार सुंदर वाटलं होतं. न बोलता दिलेला होकार. आवाजाची काही गरजच नाही, माणूस आतून तयार झालं की पुरे. मी मोठी झाले ती बहुतेक तोच होकार अंगात मुरवत. मिना म्हणाली, भारी हाय की, म्हणजे कामं अडकत न्हाईत. आणि तिनं ते तसं लिहून टाकलं.

निरोप्यानं मला विचारलं तो पौर्णिमेचा दिवस होता. मी रोज पहाटे आंघोळ करून, पाणी तोंडाला लावायच्या आधी, त्रिशरण-पंचशील घेते. पौर्णिमेला अष्टशील असतं, पांढरी साडी असते, दुपारपर्यंत मौन असतं, आणि मोबाइल कपाटात साड्यांच्या मागं बंद करून ठेवते. त्या दिवशी तो काढला तेव्हा ती विचारणा बाकीच्या मेसेजांखाली दबून गेलेली. हे व्रत मी सासूबाईंकडून घेतलं. चांगुणाबाई गेल्या, व्रत राहिलं. त्या सकाळी विहारात खूप प्रसन्न वाटलं होतं. खिडकीतून ऊन आत आलं होतं, कुणीतरी मोगरा आणला होता, श्वास येत होता आणि जात होता, आणि मनात आलं होतं की आज माझ्याकडून कुणाला काही लागलं नाही, कुणाचं काही बिघडलं नाही. मला आता तो क्षण पुन्हा पुन्हा दिसत होता. मी डोळे मिटून बसलेली, आणि त्याच वेळी माझं नाव माझ्याशिवाय बाहेर निघालेलं. माळावरून, धरणाच्या भिंतीवरून, नेटवर्क मिळत नाही अशा तांड्याच्या कडेला जाऊन थांबलेलं, एका बटणांच्या मोबाइलमध्ये शिरायची वाट बघत. खोटं बोलणार नाही, असं शील मी रोज घेते. मग हे कुणाचं बोलणं? तोंड माझं बंद होतं. वाक्य मात्र माझ्या नावानं गेलं, आणि ते खोटं होतं, कारण रुख्मिणीबाई न सांगता गेलेली नव्हती. ती मला सांगून गेली होती. शील जिभेनं मोडलं जातं एवढंच मला ठाऊक होतं. ते जीभ न हलवताही मोडतं, हे त्या खुर्चीत बसून कळलं.

आणि मग, कामाच्या मधोमध, ज्याचा तिथं काही संबंध नाही ते आठवलं. म्हणजे आठवलं असं नाही. ते कायमच असतं, चपलेतल्या बारीक खड्यासारखं, चालायला अडत नाही पण आहे हे कळत राहतं. डोंगरकड्याच्या आमच्या घरात मला बघायला माणसं आली होती. आभाळ भरून आलेलं, म्हणून सगळे आतल्या खोलीत दाटीवाटीनं बसलेले. ज्यांच्यासाठी बघायला आले ते रत्नपाल कोपऱ्यात, पाहुण्यांच्या मागं, अर्धेच दिसत होते. चहा झाला. माझ्या वडिलांनी सगळ्यांसमोर विचारलं, पोरी, तुला पसंत हाय का? मला खरंच काही ठाऊक नव्हतं. हो म्हणण्याइतकं नव्हतं आणि नाही म्हणण्याइतकंही नव्हतं. मी खाली बघत राहिले. वडील हसून म्हणाले, गप हाय म्हणजे हो हाय. आणि सगळे हसले, आणि ठरलं. रत्नपाल माणूस चांगले निघाले. शाळेत शिकवतात, घरी आल्यावर भाजी निवडतात, माझ्या मौनाच्या दिवशी स्वतःही हळू बोलतात. मला कधी तकलीफ दिली नाही. तरी अधूनमधून, भाकरी थापताना किंवा आत्तासारखं काही झालं की, वाटतं की मला विचारलं असं नाहीच कुणी. विचारल्यासारखं केलं आणि उत्तर स्वतःच धरलं. मी या माणसाबरोबर आहे ती माझ्या होकारानं, का धरलेल्या होकारानं? हा प्रश्न इतका जुना झाला होता की तो प्रश्न आहे हेही मी विसरले होते. संगणकावरच्या त्या दोन शब्दांनी तो उकरला.

खिडकीतून लिंब दिसत होता. रुख्मिणीबाई पुड्यावरची मुंगी बोटानं झटकत होती.

मी किशनराव साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब कारखान्याचे मॅनेजर, स्वभावानं वाईट नाहीत, फक्त कुठलीही गोष्ट एकदा बंद झाली की पुन्हा उघडायला त्यांना नको असते. मी झालं ते सांगितलं. माझ्या हळू आवाजात सांगितलं, त्यामुळं त्यांना दोनदा पुढं वाकावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहाचा कप बाजूला केला आणि शांतपणे मला तोड सांगितली. वरच्या ऑफिसला कळवून झालंय, आता ते परत फिरवायचं म्हणजे सतरा जणांना उत्तरं द्या. त्यापेक्षा बाईला आजच ठेकेदाराच्या नावावर नव्यानं घेऊन टाकू. तोच पट्टा, तीच जागा, तासाभरात आत. "तिला कळणार बी न्हाई, करुणाताई. दिवा हिरवा झाला की झालं." मला माहीत होतं ते खरं होतं. तिला कळणार नव्हतं. वेचणी पट्ट्यावरच्या बायांमध्ये कायम झालेली ती पहिली. गेल्या दिवाळीत तिला कायमचं पत्र मीच दिलं होतं आणि तिनं ते वाचता येत नसताना दोन्ही हातांनी धरून कपाळाला लावलं होतं. ती पुन्हा ठेकेदाराची झाली असती, हंगाम संपला की घरी बसवता येणारी, आणि मला पेढा देऊन, हसत, आत गेली असती. साहेब म्हणाले की शेवटी सिस्टीमनं तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही हरकत घेतली नाही, उद्या कुणी विचारलं तर बोट तुमच्याकडंच येणार, तेव्हा तुमच्याही भल्याचंच सांगून राहिलो. मी काही बोलले नाही. टेबलावर काचेखाली कुणाच्यातरी लग्नाची पत्रिका होती, तिच्याकडं बघत राहिले. थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "चला, मग ठरलं," आणि मोबाइल उचलला.

मी उठले. दारापर्यंत गेले. केबिनचं दार एसीमुळं नेहमी बंद असतं आणि त्याची कडी थंड असते. ती हाताला लागली आणि तेवढ्या थंडपणानं मी थांबले. ठरलं. आत्ता, या खोलीत, माझ्यासमोर, पुन्हा तेच झालं होतं. या वेळी यंत्र नव्हतं, मौनाचं व्रत नव्हतं, मोबाइल साड्यांच्या मागं नव्हता. मी जागी होते, उभी होते, आणि माझ्या गप्प बसण्याचं कुणीतरी हो करून घेतलं होतं, आणि मी ते करू दिलं होतं. मी वळले. साहेब फोन लावत होते.

"साहेब, मी हो म्हणलेलं न्हाई."

त्यांनी फोन खाली घेतला. त्यांना राग आला नव्हता, नवल वाटलं होतं. इतक्या वर्षांत मी त्या दारातून मागं वळलेली त्यांनी पाहिली नव्हती. ते म्हणाले, मग बोला की.

"तिला रजा मी दिली होती. मान हलवून."

"मान हलवलेली सिस्टीमला कुठं दिसते, ताई?"

"न्हाई दिसत. म्हणून तुमाला सांगून राहिले. ती कायम हाय. ती कायमच राहील. वर काय लिव्हायचं ते माझ्या नावानं लिव्हा."

माझा आवाज मोठा झाला नव्हता, तो होतही नाही. पण साहेबांना या वेळी पुढं वाकावं लागलं नाही. ते खुर्चीत मागं टेकले आणि हसले. म्हणाले, एवढंच होतं तर बसल्या बसल्या बोलायचं, दारापर्यंत काहून गेल्या. करा दुरुस्ती, वरचं मी बघतो. इतकं सोपं होतं ते. मी बाहेर आले आणि बाहेरच्या बाकावर बसले. खूप दिवस डोक्यावर धरलेली घागर कुणी उतरवून घेतली की मान जशी आपोआप वर येते, तसं काहीतरी वाटत होतं. शितल, आमच्या हिशेबाची मुलगी, जाता जाता थांबली आणि म्हणाली, ताई, बरं वाटत न्हाई का? मी म्हणाले, बरं वाटून राहिलंय. ते मोठ्यानं म्हणाले, मान हलवली नाही.

मिनाला फोन लावला. तिच्याकडं मिक्सर चालू होता. तिनं तो बंद केला, ऐकलं, आणि दोन वेळा अरे देवा म्हणाली. मग तिचं बोटांचं टकटक सुरू झालं. घाबरू नका, म्हणाली, महिना अजून बंद झालेला नाही, तोवर नोंद मागं घेता येते. कारण तेवढं तुम्हाला लिहावं लागेल. मी लिहिलं: रजा दिली होती, नोंद माझ्याकडून राहिली. एंटर दाबताना वाटलं, हे वाक्य खरं आहे, आणि माझ्या नावानं जातंय, आणि मी त्याच्यासोबत आहे. पलीकडून मिना म्हणाली, झालं, गेट पण उघडलं. आता तो नियम बदलू या. तुम्ही गप राहिलात तर इथून पुढं नाही समजू का?

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलं आणि थांबले. गप राहणं म्हणजे नाही, हेही तितकंच धरलेलं. मला बघायला माणसं आली त्या खोलीत मी खाली बघत बसले होते तेव्हा नाहीही म्हणत नव्हते. आणि तिथंच, मिना वाट बघत असताना, पहाटेचा माझाच आवाज मला ऐकू आला, रोजचा, पाठ झालेला, कित्येक वर्षांत न ऐकलेला. शरण जाते. दुतियम्पि. ततियम्पि. दुसऱ्यांदाही शरण जाते, तिसऱ्यांदाही शरण जाते. आणि त्यामागून डोंगरकड्याच्या त्याच भंतेजींचा आवाज आला, आम्हा लेकरांना अंगणात बसवून सांगत असलेला. भिक्खूंच्या संघात काही ठरवायचं असलं की आधी ते मोठ्यानं मांडतात. ज्याला मान्य आहे त्यानं गप राहावं, ज्याला नाही त्यानं बोलावं. एवढ्यावर थांबत नाहीत. पुन्हा तेच विचारतात. पुन्हा तेच, तिसऱ्यांदा. त्यानंतर जी शांतता राहते ती संमती. मी गोष्टीचा अर्धा भाग आयुष्यभर जपून ठेवला होता आणि उरलेला अर्धा रोज पहाटे तोंडानं म्हणत होते.

"मिना, गप राहिले तर काहीच समजू नको. परत विचार."

"बरं. अन् तरी गप?"

"परत विचार."

"अन् तिसऱ्यांदा बी गप राहिलात तर?"

"तर थांब. कुणीतरी माणूस जाऊन विचारील, तांड्यावर नाहीतर विहारात."

मिना हसायला लागली. म्हणाली, ताई, याच्यात सगळे खाने हायेत, माणूस जाऊन विचारील असा खाना न्हाई. मग म्हणाली, ठीक हाय, 'थांब' असं लिहिते, माणसाचं तुमी बघा. आणि जरा थांबून, हातातलं काम खरंच थांबवून, म्हणाली की आमच्या तांड्यावर पण नेटवर्क नाही, माझी आई पण बटणांचाच वापरते. एवढं बोलून तिनं पुन्हा मिक्सर लावला.

मी स्वतः गेटवर गेले. ऊन वर आलं होतं आणि लिंबाची सावली दगडावरून सरकली होती, रुख्मिणीबाई तिच्याबरोबर सरकून बसली होती. तिनं यंत्राला चेहरा दिला. हिरवा. दांडा वर गेला. ती आत आली, आणि मी तिला तिथंच, हरिचंदसमोर, सांगितलं की ती दुसरी करुणा नव्हती, मीच होते; मी गप्प राहिले म्हणून माझ्या नावानं ते गेलं. तिनं नीट ऐकलं. तिनं पुडा सोडला, एक पेढा हरिचंदला दिला, एक माझ्या हातावर ठेवला, आणि म्हणाली, "व्हय का. मंग तुमी जरा बोलत जा, ताई. आमी का खातो का तुमाला?" हरिचंद एवढा हसला की पेढ्याचा तुकडा त्याच्या नरड्यात अडकला. मी तिला विचारलं, मुलीचं नाव काय ठेवणार. ती म्हणाली, ते तिच्या आईला विचारावं लागंल, आजून कुणी विचारलंच न्हाई तिला. पट्ट्याकडं जाताना तिची पाठ बराच वेळ दिसत होती, हळकुंडांच्या ढिगाऱ्यांमधून, पिवळ्या धुळीत, घाई न करता चाललेली.

संध्याकाळी घरी आले तेव्हा रत्नपाल ओट्यापाशी बसून कोथिंबीर निवडत होते. आमची मुलगी आकांक्षा नांदेडला शिकते, त्यामुळं घरात आम्ही दोघंच. मी चपला काढल्या, हातपाय धुतले. एरवी मी दिवसाचं काही सांगत नाही, ते विचारत नाहीत, आणि दोघांनाही ते बरं वाटतं. त्या संध्याकाळी मी सगळं सांगितलं. ते देठं बाजूला करत ऐकत होते. केबिनच्या दारापाशी मी वळले तिथं त्यांनी कोथिंबीर खाली ठेवली. सांगून झाल्यावर मी थांबणार होते. पण जीभ आता सैल झाली होती, आणि खडा तर तिथंच होता.

"एक विचारू? डोंगरकड्याला तुमी बघायला आलात, तेव्हा मी गप बसले होते. तुमी काय समजलात?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं, जणू हे आताच घडलं होतं. "काय समजणार? काहीच कळलं न्हाई मला. तुझे बाबा म्हणले हो हाय, पण तू कुठं म्हणलीस? म्हणून तर छत्री घेऊन परत आलो."

छत्री दाराच्या मागं टांगलेली आहे. काळी, लाकडी मुठीची, माझ्या वडिलांची. आता कुणी वापरत नाही. रोज तिच्यावरून माझा पदर जातो. पाहुणे निघाले तेव्हा पाऊस धरला होता म्हणून वडिलांनी ती यांना दिली होती, हे मला आठवत होतं. आणि हेही आठवत होतं, पण कसं, तर गावातल्या एखाद्या साध्या दुपारसारखं, की काही दिवसांनी कडक उन्हात हे एकटेच आमच्या दारात उभे होते, घामानं भिजलेले, बंद छत्री हातात. घरी कुणी नव्हतं. माझे हात पिठाचे होते. हे म्हणाले होते, छत्री आणलीय, ठेवून जाऊ का असू देऊ माझ्याकडं? आणि मी म्हणाले होते, असू द्या, पुढच्या वेळी येताना आणा. तोंडानं म्हणाले होते. उंबऱ्यात उभी राहून, त्यांच्याकडं बघत. आणि नंतर घरात येऊन, का कुणास ठाऊक, पीठ पुन्हा मळलं होतं.

"त्यासाठी आला होतात?"

"मग? एवढ्या उन्हात छत्री पोहोचवायला कोण येतं, करुणा?"

"आणि मी ठेवून जा म्हणले असते तर?"

"तर ठेवून गेलो असतो. मोठ्या भावाला, भीमराजला, सांगून ठेवलं होतं तसं. पोरगी छत्री ठेवून घेईल तर विषय बंद."

मी भिंतीला टेकून बसले. कोथिंबिरीचा ओला, हिरवा वास येत होता आणि बाहेर कुणीतरी हापशावर भांडी घासत होतं. इतकी वर्षं मी एक प्रश्न जवळ बाळगला होता, आणि त्याचं उत्तर दाराच्या मागं टांगलेलं होतं, माझ्याच आवाजात दिलेलं. मला हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग पुन्हा हसू. त्यांनी काळजीनं पाहिलं. मी म्हणाले, काही न्हाई, बरं वाटून राहिलंय. मग म्हणाले, "दोनदा विचारलंत. तिसऱ्यांदा काहून न्हाई?"

त्यांनी निवडलेली कोथिंबीर ताटलीत सारखी केली. "रोजच विचारून राहिलो की," ते म्हणाले, आणि उठून पातेलं हातात घेतलं. "चहा ठेवू का?"

मी मान हलवली. पातेलं हातात धरून ते माझ्याकडं बघत तसेच उभे राहिले, तेव्हा लक्षात आलं.

"हो," मी म्हणाले. "ठेवा."